नाठाळ गाड्यांची वही, नौपाडा, ठाणे

रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रकल्प सुरू. बाबांची १९९२ ची स्कूटर परत रस्त्यावर आणायची, आणि ते करता करता आपल्या नात्यातल्या ज्या ज्या गाड्यांनी लोकांचा जीव खाल्ला त्या सगळ्यांची माहिती एका वहीत उतरवायची. काय बिघडायचं, काय काय बदललं, शेवटी कशाने थांबलं. सोसायटी रीडेव्हलपमेंटला जातेय, बोर्डावर नोटीस लागलीय की बंद गाड्या पार्किंगमधून हलवा. दादा म्हणाला भंगारवाल्याला बोलावतो. बाबा काहीच बोलले नाहीत, आणि ते असे गप्प बसले की मला कळतं. मी डिसेंबरअखेरपर्यंत मुदत मागून घेतली.

आमच्याकडे कुठलंही लग्न-मुंज असो, जेवणं झाली की या स्कूटरचा विषय निघतोच, कोणाला कुठे कशी ढकलायला लागली ते सगळे सांगतात आणि गाडी शेवटी येते "त्याला गाडी नीट ठेवायला जमलीच नाही" या वाक्यावर. हे मला लहानपणापासून खटकतं. ज्या माणसाने प्रत्येक बिल जपून ठेवलंय, दर रविवारी प्लग काढून पॉलिश पेपरने घासलाय, त्याला गाडी ठेवता आली नाही हे मी मानायला तयार नाही.

वहीचा एक नियम ठरवला, बिघडलेल्या गाडीच्या कंपनीचं नाव लिहायचं नाही. तीस तीस वर्षं वापरलेल्या गाड्या आहेत, त्यात वय, पाऊस आणि अर्धवट रिपेअरिंग यांचाच वाटा मोठा.

आई म्हणाली पितृपंधरवडा चालू आहे, संपू दे मग हात लाव. तोपर्यंत कागदपत्रं बघते.

शनिवार, २० सप्टेंबर

शर्टच्या जुन्या खोक्यात बिलं मिळाली. अर्धी बिलं म्हणजे गॅरेजच्या डायरीतलं फाडलेलं पान, पण तारीख बहुतेकांवर आहे. सगळी जमिनीवर ओळीने लावली आणि लॅपटॉपवर उतरवली.

गाडीची थोडी ओळख, ज्यांनी अशी चालवली नाही त्यांच्यासाठी. १५० सीसी, टू-स्ट्रोक, चार गिअर, गिअर डाव्या मुठीवर. इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला, त्यामुळे गाडीचा कल कायम उजवीकडे. तिन्ही टायर, म्हणजे स्टेपनी धरून, एकाच मापाचे, ३.५० बाय १०. इग्निशन, म्हणजे प्लगला ठिणगी देणारी यंत्रणा, पॉइंट आणि कंडेन्सरवाली, इलेक्ट्रॉनिक नाही.

बिलांत काय दिसतं, तर प्लग, कंडेन्सर, पॉइंट, प्लग, कार्बोरेटर सफाई, कॉइल, परत कंडेन्सर, सायलेन्सर डिकार्बन म्हणजे आतली काजळी काढणं, परत प्लग. कुठल्याही मिस्त्रीकडे जाऊन "चालता चालता मिसिंग मारते नी बंद पडते" म्हटलं की तो याच पार्टांना हात घालणार, त्यात चूक काही नाही, टू-स्ट्रोकचा नव्वद टक्के त्रास तिथेच असतो. पण एवढं सगळं बदलूनही तक्रार तीच राहिली, म्हणजे मूळ दुसरीकडे होतं.

आणि मग ती ओळ दिसली जी आजवर कोणी वाचलीच नाही. गिअर ऑइल. जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या बिलावर शेवटी "गि. ऑ." आणि पुढे किरकोळ रक्कम. या गिअरबॉक्समध्ये ऑइल मावतं साधारण २५० मिली, आणि ते बदलायचं असतं, वरचेवर टाकायचं नसतं. टाकावं लागत होतं म्हणजे ते कुठेतरी जात होतं. बाबांना विचारलं, गाडीखाली डाग पडायचा का? म्हणाले, "कधीच नाही, फरशी साफ असायची, तुझ्या आईला विचार." आई लगेच हो म्हणाली.

रविवार, २१ सप्टेंबर

आज बाबांशी नुसत्या गप्पा, पण कामाच्या. गाडी कुठे बंद पडायची? "विटाव्याला. कायम विटाव्याला."

बाबांची नोकरी रबाळे एमआयडीसीत. नौपाड्यातून निघायचं, कळवा पुलावर अडकायचं, विटाव्याचा रेल्वेखालचा बोगदा, मग ठाणे-बेलापूर रोडला लागायचं. घरात सगळ्यांची समजूत अशी की विटाव्याच्या बोगद्यात पाणी साचतं म्हणून गाडी बंद पडायची. पाणी साचतंच तिथे, आजही साचतं. पण बिलं बघितली तर त्यात मार्चची आहेत, एप्रिलची आहेत, भर उन्हाळ्यातली. त्या महिन्यांत बोगद्यात कुठलं पाणी?

माझा अंदाज लिहून ठेवते, खरा ठरतो का बघू. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी पिस्टनखालच्या क्रँकच्या खोलीत येतं आणि मग वर सिलेंडरमध्ये जातं, म्हणून ती खोली दोन्ही बाजूंनी हवाबंद पाहिजे आणि तसं ठेवण्याचं काम दोन रबरी ऑइल सील करतात. एक मॅग्नेटच्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या चाकाच्या बाजूला, दुसरं क्लचच्या बाजूला. मॅग्नेटकडचं सील गेलं तर बाहेरची हवा आत घुसते, मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, गाडी आपोआप रेस घेते, तापते, आणि तशीच दामटली तर पिस्टन पकडतो, म्हणजे सिलेंडरमध्ये अडकतो. क्लचकडचं गेलं तर त्याच्या पलीकडे गिअर ऑइल आहे, ते आत खेचलं जातं आणि पेट्रोलबरोबर जळून जातं. पांढरा धूर, काळा ओला प्लग, आणि जमिनीवर एक थेंब नाही.

आता कळवा पूल. ट्रॅफिकमध्ये अर्धा तास ॲक्सिलरेटरची मूठ जवळजवळ बंद, इंजिन नुसतं फिरतंय. मूठ बंद असली की क्रँकच्या खोलीत खेच सगळ्यात जास्त असते, म्हणजे ऑइल पण तेव्हाच सगळ्यात जास्त ओढलं जाणार. पुलावरून उतरेपर्यंत प्लग ऑइलने भिजलेला, आणि विटाव्याला रस्ता मोकळा मिळाला म्हणून मूठ पिळली की मिसिंग, मिसिंग, बंद. प्लग पुसला की चालू. सगळं जुळतंय.

सोमवार, २२ सप्टेंबर

घटस्थापना. आजपासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाक्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे खाली पार्किंगमध्ये सगळ्यांचा एकच सल्ला, की हिच्यात पैसे कशाला घालतेस, नवीन घे. नवीन घ्यायची तेव्हा घेईन. हा विषय वेगळा आहे.

रविवार, २८ सप्टेंबर

पहिल्यांदा पाना लावला. गिअर ऑइलचा खालचा नट खोलला, भांडं धरलं. जेमतेम निम्मं आलं, आणि त्याला पेट्रोलचा वास. सील गेल्याची याहून स्पष्ट खूण नाही, तिकडचं इकडे आणि इकडचं तिकडे दोन्ही चाललं होतं. बाबा खुर्ची घेऊन बसले होते, त्यांना बोट बुडवून वास घ्यायला दिला. खूप वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे प्लग चांगलेच होते सगळे."

टाकीपण रिकामी केली. काचेच्या बाटलीत ओतल्यावर खाली पाण्याचा थर वेगळा दिसला. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं, आणि इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. खाडीकाठच्या दमट हवेत गाडी उभीच राहिली तर ते पाणी इथेनॉलला घेऊन तळाशी वेगळं बसतं आणि टाकीखालच्या पेट्रोल कॉकमधून पहिल्यांदा तेच कार्बोरेटरला जातं. जुन्या रबरी पाइपांनाही हे पेट्रोल सोसत नाही, आमचा पाइप हातात घेतल्यावर चिकट लागला. यादीत लिहिलं, पेट्रोल पाइप, कॉकचं पॅकिंग, कार्बोरेटरमधल्या फ्लोटची निडल, सगळं नवीन.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. बंद असली तरी स्कूटर धुतली, झेंडूचा हार घातला. काका कळव्याहून आला होता, त्याच्या डिझेल गाडीची नोंद आज घेतली.

सात-आठ माणसं बसणारी जुनी डिझेल. दरवर्षी गणपतीला गावी जाताना कशेडी घाटात बंद पडायची. आता कशेडीला बोगदा झालाय, पण तेव्हा पोलादपूर सोडलं की घाटाशिवाय रस्ता नव्हता, आणि गणपतीच्या रांगेत मधेच गाडी बंद म्हणजे मागच्या एसटीपासून पुढच्या टेम्पोपर्यंत सगळ्यांचे शब्द ऐकायचे, त्यात काकूच्या मांडीवर आराशीचं सामान. काका उतरून पंपावरचा स्क्रू ढिला करायचा, हाताने डिझेल मारून एअर काढायचा, पाच मिनिटांत चालू. परतीला काहीच नाही. त्यामुळे घरात ठरलं की गाडीला गावाला जायला आवडत नाही.

काकाला विचारलं, निघताना टाकी किती असायची? "अगं ठाण्यात भरायचो, पोलादपूरपर्यंत पाव राहायची, वर गेल्यावर भरायचो." बास. टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या लायनीत डिझेल ढकललं जात नाही, खेचलं जातं. त्यामुळे एखाद्या जोडावरचा तांब्याचा वॉशर नीट बसला नसेल किंवा पाइपला केसाएवढी चीर असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. टाकी भरलेली असली की त्या पातळीमुळे चालून जातं, टाकी पाववर आली आणि गाडी चढाला लागली की पंपाला जास्त उंच खेचावं लागतं, हवा शिरते, बंद. काका ऐकून एकदम उठून उभा राहिला. ती गाडी अजून आहे, कळव्यालाच चाळीमागे. माझ्या वहीत दुसरं काम आलं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

स्कूटर टेम्पोत घालून वागळे इस्टेटला नेली. हे मिस्त्री चाळीस वर्षं टू-स्ट्रोकच करतायत, आता अशा गाड्या फार येत नाहीत म्हणाले, पण हत्यारं सगळी जपलेली, मॅग्नेट काढायचा पुलर, क्लचचा पाना, सगळं. बिलांचा तक्ता दाखवला. चष्मा लावून पूर्ण वाचला त्यांनी, आणि म्हणाले, "ताई, हे काम सगळ्यांनी टाळलं. त्या सीलसाठी इंजिन फाडायला लागतं. सीलची किंमत काहीच नाही, मजुरी दोन दिवसांची. गिऱ्हाईक म्हणतं एवढ्याशा रबराचे एवढे पैसे कसे, मग मिस्त्री ऑइल टाकून देतो."

मला यात कोणा एका गॅरेजला धरायचं नाहीये, बाबा तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी जायचे आणि प्रत्येकाने आपल्यासमोर जे दिसलं तेच केलं. मागच्याने काय केलं ते पुढच्याला कधी कळलंच नाही, कारण बिलं खोक्यात होती. गाडी आजारी नव्हती, तिची फाईलच कोणी डॉक्टरला दाखवली नव्हती.

दुपारपर्यंत इंजिन उतरवून दोन भाग केले. क्लचकडचं सील हातात घेतलं तर प्लास्टिकच्या बांगडीसारखं कडक, ओठाची धार गेलेली. मॅग्नेटकडचंही तडकलेलं. क्रँकचे बेअरिंग दोन्ही बदलायचे ठरवलं, एकदा इंजिन उघडल्यावर ते जुनेच ठेवण्यात अर्थ नाही. बोअर, म्हणजे सिलेंडरची आतली बाजू, चांगला निघाला, पिस्टनच्या रिंगा फक्त बदलायच्या.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

भाऊबीज. मामा आला, ओवाळणी झाल्यावर त्याला बसवला.

मामाची गाडी म्हणजे २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मामाची लहान पेट्रोल गाडी कुर्ल्याला रस्त्यावर, सीटच्या वर पाणी. मामाने एक गोष्ट फार योग्य केली, पाणी ओसरल्यावर चावी लावलीच नाही, टो करून आणली. सिलेंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संपतं. ठाण्यात वंदना टॉकीजपाशी दर पावसाळ्यात कोणी ना कोणी हे करताना दिसतं, आणि साध्या पॉलिसीत असं इंजिनचं नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. ठाण्यात राहणाऱ्याने ते घ्यावंच असं माझं मत.

इंजिन वाचलं. पण पुढची सहा वर्षं त्या गाडीत जे होत होतं ते ऐकून मामी अजूनही कावते. पहिला पाऊस पडला की हॉर्न आपोआप वाजायचा, रात्री सोसायटी जागी. इंडिकेटर दिला की वायपर. फ्यूज बॉक्स बदलला, हॉर्न बदलला, बॅटरी बदलली. शेवटी २०११ मध्ये एका वायरमनने सीट काढून कार्पेट उचललं आणि खालचे कनेक्टर उघडले, आत सगळं हिरवं. पुराचा गाळ होता तसाच, तांब्याला गंज, आणि बॉडीला जिथे अर्थ जोडलाय ते बोल्ट गंजलेले. अर्थ नीट मिळाला नाही की करंट दुसऱ्या कुठल्यातरी वायरने परत जायला बघतो, मग हॉर्नचा वायपरशी संबंध लागतो. सगळे अर्थ पॉइंट घासले, कनेक्टर नवे टाकले, त्यानंतर विकेपर्यंत तक्रार नाही. ते सहा वर्षांचं प्रकरण दोन दिवसांत मिटलं, आणि तोपर्यंत मामीने त्या गाडीची दृष्टही काढली होती.

आजोबांच्या लॅम्ब्रेटा स्कूटरबद्दलही विचारलं सगळ्यांना. भांडुपला एपीआयच्या, म्हणजे ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या कारखान्यात बनलेली. तिची एकही तक्रार कोणाला आठवेना. वहीत एका ओळीत आटोपली.

शनिवार, १ नोव्हेंबर

कुर्ला, सीएसटी रोड. दोन्ही सील, बेअरिंग, रिंग सेट, पॅकिंग सेट, क्लच प्लेट, पॉइंट-कंडेन्सर. एका दुकानात जुनं सील पॅकेटमध्ये मिळत होतं, घेतलं नाही, रबर नुसतं ठेवूनही कडक होतं. नवीन बनावटीचं, पेट्रोलला टिकणारं शोधून घेतलं. संध्याकाळी वागळेला पोचवलं.

रविवार, ९ नोव्हेंबर

इंजिन चढलं. पॉइंटचा गॅप ०.४ मिमी, प्लगचा ०.६, टायमिंग मिस्त्रींनी लावलं. पेट्रोल ताजं, त्यात २ टक्के टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल, म्हणजे पाच लिटरला १०० मिली, बाबांनी स्वतः मापून घातलं आणि टाकी हलवून मिसळलं. गिअर ऑइल लेव्हलच्या भोकापर्यंत, एसएई ३०.

किक बाबांनीच मारली. गुडघ्याचं दुखणं आहे म्हणून आई नको म्हणत होती. चालू झाली, सुरुवातीला भरपूर धूर, सायलेन्सरमध्ये वर्षानुवर्षांचं ऑइल जाऊन बसलेलं ते जळत होतं, वीसेक मिनिटांनी कमी झाला. तिसऱ्या गिअरमध्ये थोडी अडखळत होती, कार्बोरेटरचा मेन जेट परत साफ केल्यावर गेलं. मिस्त्रींनी पहिले ५०० किलोमीटर जोरात पिळायची नाही म्हणून सांगितलंय.

रविवार, १६ नोव्हेंबर

नेरूळ, मावशीकडे. तिची गाडी जेमतेम चार वर्षांची आणि वैताग सगळ्यात जास्त. चेक इंजिनचा दिवा लागतो, जातो, परत लागतो. वर्कशॉपमध्ये ऑक्सिजन सेन्सर बदलला, मोठं बिल, आठवड्यात दिवा परत. मावशीला मी फोनवरच सांगितलं होतं की आधी बॉनेट उघडून टॉर्च मार. आज आम्ही दोघींनी बघितलं, सेन्सरकडे जाणाऱ्या वायरच्या टेपखाली कुरतडलेलं, दोन तारा उघड्या. उंदीर. इंजिन गरम असतं रात्री, त्यांना बरं वाटतं. बॅटरीमागे चिंध्या आणि चपातीचा तुकडा पण मिळाला.

तंबाखूची पानं बांधून ठेवतात लोक, डांबरगोळ्या ठेवतात, मला त्याचा भरवसा नाही. एअर फिल्टरच्या तोंडाला जाळी, वायरिंगवर नळी, आणि मुख्य म्हणजे गाडी रोज हलवायची, कचऱ्याच्या डब्यांपासून लांब लावायची. तारा जोडून घेतल्यावर मावशीला सांगितलंय, दिवा परत लागला तर तारीख लिही, पाऊस होता का, गाडी किती दिवस उभी होती ते लिही. लिहून नेलं की समोरचा माणूस वेगळं ऐकतो, हे मी वागळेला बघितलंय.

रविवार, २३ नोव्हेंबर

कागद. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, मुदत ३० तारखेची. दुचाकीला जीएसटी धरून ५३१ रुपये. आज बसवून घेतली, एमएच-०४ तसाच, फक्त बाबांनी रंगवून घेतलेली जुनी पाटी निघाली. ती त्यांनी घरी नेली. आरसी २०२७ पर्यंत आहे, बाबांनी २०२२ ला पासिंग करून घेतलं होतं, बंद गाडीचं, कोणाला न सांगता. पुढच्या वेळी फी जास्त लागेल, वीस वर्षांवरच्या दुचाकीला ऑगस्टपासून २,००० केलीय. पीयुसी पास.

रविवार, ७ डिसेंबर

रबाळे. सकाळी सातला निघालो, बाबा मागे, परतताना मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ ते पुढे. आता खाडीवर तिसरा पूल झालाय, रविवारी गर्दी नव्हती, म्हणून मुद्दाम येताना बाजारच्या गर्दीतून आणली, मूठ बंद ठेवून रेंगाळत. विटाव्याला पोचल्यावर मूठ पिळली. एकदाही मिसिंग नाही. बाजूला घेऊन प्लग काढला, कोरडा, चॉकलेटी रंगाचा. फोटो काढून खानदानाच्या ग्रुपवर टाकला, खाली बिलांचा तक्ता आणि कडक झालेल्या सीलचा फोटो. काकाने सगळ्यात आधी लिहिलं, "दादा, तुझी काही चूक नव्हती रे." बाबांनी तो मेसेज आईला वाचून दाखवला.

रविवार, २१ डिसेंबर

शेवटची तपासणी. गिअर ऑइलचा लेव्हल स्क्रू उघडला, ऑइल भोकाच्या काठापर्यंत जसंच्या तसं, उघडल्याबरोबर ओघळलं. पेट्रोलचा वास नाही. सील धरतंय. काम बंद.

दादाने सोसायटीला लिहून दिलं की गाडी चालू आहे, त्याच्या नावावर तात्पुरतं पार्किंग मिळालं. जानेवारीपासून काकाची डिझेल. पहिलं काम, टाकीपासून फिल्टरपर्यंतचा पाइप आणि सगळे तांब्याचे वॉशर नवीन. काकाला जुनी बिलं शोधायला सांगितलीत, काकू म्हणते माळ्यावर असतील.